ज्युरातली पिवळी वाईन आणि आपलं जेवण, काय जमेल?

रानजाई

नमस्कार मंडळी,

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून ज्युरा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या वाईन्स कुणी प्यायल्यात का? आम्ही जिनिव्हाला असतो, तिथून आर्ब्वा गाव गाडीने साधारण दोन तास. आर्ब्वाच्या वरच्या अंगाला टेकडीवर प्युपियँ म्हणून एक चिमुकलं गाव आहे, तिथे एका कुटुंबाची छोटी वायनरी आहे. नवरा-बायको आणि मुलगी, बस, तिघंच सगळं बघतात, छाटणीपासून लेबल चिकटवण्यापर्यंत. त्यांच्याकडून आम्ही वाईन आणतो.

सध्या घरात चार प्रकार आहेत. पुल्सार, म्हणजे तिथली लाल, पण इतकी फिकी की बरेच जण तिला रोझे समजतात. साव्हान्यँ पांढरी, ताजी, लिंबासारखी चुणचुणीत. व्हँ झोन, म्हणजे तीच साव्हान्यँ द्राक्षं पण सहा वर्षांहून जास्त पिंपात राहिलेली, पिवळी धमक. आणि माकव्हँ, गोड, जेवणाआधी घ्यायची.

पुढच्या शनिवारी नणंद येतेय, सोबत तिचे सासू-सासरे पुण्याहून. काका वाईन आवडीने घेतात, काकू अजिबात नाही, आणि दोघंही शाकाहारी. नणंद आणि नवरा सगळं खातात. मला फ्रेंच जेवण करायचं नाहीये, आपलंच करायचंय आणि त्याबरोबर या वाईन्स द्यायच्यात. माझं ठाम मत आहे की व्हँ झोन आपल्या स्वयंपाकाला नीट लावून दिली तर भल्याभल्या वाईन्सपेक्षा छान जमेल. पण इथल्या आमच्या ग्रुपमधे एकाने एक घोट घेऊन सरळ सांगितलं की ही उतरली आहे, बाटली परत करा! तर अनुभवी लोकांनी सांगा, कशाबरोबर काय?

खडकवासला_लोकल

पहिला! परत करायची असेल तर माझ्या पत्त्यावर करा :)

बुरशीप्रेमी

रानजाई, बाटली उत्तम आहे, त्या मित्राला निवांत समजावून सांगा. माझं काम यीस्टवरच आहे त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

एरवी वाईन पिंपात असताना हळूहळू उडते, पातळी खाली जाते, आणि वाईनवाले वरून भर घालून पिंप तोंडोतोंड ठेवतात म्हणजे हवा लागत नाही. व्हँ झोनमधे मुद्दाम भर घालत नाहीत. वर मोकळी जागा तयार होते आणि वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. हे यीस्ट आपल्या नेहमीच्या सॅकरोमायसिस जातीचंच आहे. साखर संपलेली असते म्हणून ते अल्कोहोल खातं, वरून येणारा ऑक्सिजन वापरतं, आणि त्यातून अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. अक्रोड, सुकं सफरचंद, असा जो वास येतो त्यात याचा मोठा वाटा. पापुद्रा नसता तर त्याच पिंपाचं व्हिनेगर झालं असतं.

नियम असा की सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती पिंपातच राहायला हवी, आणि त्यातली किमान पाच वर्षं पापुद्र्याखाली. लोक सोपं करून ‘सहा वर्षं तीन महिने’ म्हणतात. या काळात एक लिटरमधलं साधारण ६२ सेंटिलिटर उरतं, म्हणून बाटलीसुद्धा ६२ सेंटिलिटरचीच, बुटकी, रुंद खांद्यांची. तिला क्लाव्हलँ म्हणतात.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. या वाईनमधे सोटोलॉन नावाचं एक संयुग तयार होतं. तेच मेथीदाण्यात असतं, मेथीच्या वासाचा तो मुख्य घटक. त्यामुळे फ्रेंच लोक व्हँ झोनचं वर्णन करताना ‘करी’ म्हणतात. तुमचा अंदाज हवेतला नाही, त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे.

मेथकूट_भात

बुरशीप्रेमी, काय सांगताय! माझ्या आयडीचं सार्थक झालं.

सह्यकडा

म्हणजे स्पेनची शेरीच की. फिनो शेरीतपण असाच पापुद्रा असतो, एवढं कौतुक कशाला? आणि निम्म्या किमतीत मिळते.

बुरशीप्रेमी

सह्यकडा, पापुद्रा आहे हे बरोबर पण बाकी बराच फरक. शेरीत वरून स्पिरिट घालून अल्कोहोल वाढवतात, व्हँ झोनमधे बाहेरचं काही घालत नाहीत. शेरीत जुन्या-नव्या पिंपांमधली वाईन सतत एकमेकांत मिसळतात, इथे एका वर्षाची सुगी एकटीच राहते. शिवाय ज्युरातल्या बऱ्याच तळघरांमधे आणि माळ्यांवर थंडी-उन्हाळ्याचा चढउतार होऊ देतात, त्यात पापुद्रा कधी जाड होतो कधी झोपतो. व्हँ झोनच्या चवीत आंबटपणा खूप जास्त असतो. दोन्ही शेजारी ठेवून प्या, पाच मिनिटांत कळेल.

सह्यकडा

प्यायलोय शेजारी ठेवून. मला शेरीच आवडली, मत बदललं नाही. पण जेवणाबरोबर आंबटपणा लागतो हे मान्य.

दिंडोरीकर

राम राम मंडळी. आमची पिढीजात द्राक्षबाग, त्यातला थोडा माल वाईनसाठी जातो. धागा वाचून डोकं भणभणलं. सहा वर्षं माल पडून ठेवायचा, वर ३८ टक्के हवेत उडून जाणार, मग त्या तीन माणसांचं घर चालतं कसं? आणि बाग किती आहे त्यांची? आमच्याकडे एप्रिलमधे खरड छाटणी, ऑक्टोबरमधे गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च माल निघतो, तरी पैसा हातात यायला काय काय होतं ते आम्हाला माहीत. रोगाचं काय? डावणी, भुरी येते का तिकडं?

रानजाई

दिंडोरीकर, फार आवडला प्रश्न, मी पण त्यांना हेच विचारलं होतं. बाग सहा हेक्टरच्या आत. त्यांनी सांगितलं की सगळी द्राक्षं व्हँ झोनला लावतच नाहीत. पुल्सार लाल पुढच्याच वर्षी विकायला येते, क्रेमाँ म्हणजे तिथली फसफसणारी वाईन ती पण लवकर निघते, आणि त्यावर घर चालतं. व्हँ झोनची पिंपं म्हणजे मुलीच्या नावची ठेव आहे असं बाई म्हणाल्या. शिवाय सगळी पिंपं शेवटपर्यंत पोचत नाहीत, अधूनमधून चव बघतात, तपासणी करतात, जे पिंप बिघडायच्या मार्गाला लागलंय ते आधीच काढून घेतात, आणि ती वाईन साव्हान्यँ म्हणून विकतात. ती स्वस्त असते आणि स्वयंपाकाला एक नंबर.

वर्षात एकच पीक. हिवाळ्यात छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. डावणी आणि भुरी दोन्ही आहेत, पाऊस पुष्कळ त्यामुळे डावणीचा त्रास भयंकर. आणि एप्रिलमधली थंडी. २०२१ च्या एप्रिलमधे कोवळी फूट एका रात्रीत काळी पडली, ज्युराभर अगदी थोडं पीक हाती आलं. ओळींमधे मोठाल्या मेणबत्त्या लावून रात्रभर जागतात.

दिंडोरीकर

निफाडकडं पारा उतरला की आम्ही बागेत शेकोट्या करतो, तेच. ऐकून जीव तुटला. माणूस कुठलाही असो, फूट जळालेली बघवत नाही.

कलमाला खालचा खुंट कुठला वापरतात? आम्ही डॉगरीज.

बुरशीप्रेमी

तिकडेही अमेरिकन खुंटावरच कलम असतं, पण कारण वेगळं. तुम्ही डॉगरीज घेता ते पाण्याचा ताण आणि क्षार यासाठी. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा कीटक अमेरिकेतून आला आणि बागाच्या बागा मेल्या, अमेरिकन वेलींची मुळं तेवढी तग धरतात. ज्युरात त्याआधी साधारण २०,००० हेक्टर द्राक्ष होतं, आज २,००० च्या आसपास आहे. म्हणून ज्युराची वाईन दुकानात सहज दिसत नाही.

लिओंची_चूल

अरे वा, माझ्या आवडीचा धागा. मी लिओंला असते, ज्युरा आम्हाला शेजारीच. आधी तिकडे काय काय खातात ते सांगते, मग आपल्याकडे वळू.

तिथला राजा पदार्थ म्हणजे व्हँ झोन आणि मोरीय घातलेला कोंबडा. मोरीय म्हणजे आपल्याकडे हिमाचल-काश्मीरातून येते ती गुच्छी मशरूम. कोंबडीचे तुकडे लोण्यात परतायचे, थोडं पीठ भुरभुरायचं, वाईन घालून शिजवायचं, भिजवलेली गुच्छी आणि तिचं गाळलेलं पाणी, शेवटी घट्ट साय-क्रीम. शिजवायला स्वस्तातली साव्हान्यँ वापरा आणि आच बंद करायच्या आधी व्हँ झोनचा एक झोका द्या. अख्खी महागडी बाटली उकळत बसू नका.

दुसरं म्हणजे काँते चीज. माँबेलियार्द जातीच्या गाईंचं कच्चं दूध, साधारण ४०० लिटर दुधातून ४० किलोचं एक चाक. गावोगावच्या सहकारी डेऱ्यांत बनतं, त्यांना फ्रुइतिएर म्हणतात, आणि मग महिनोन् महिने मुरायला जातं. बारा महिन्यांवरचं काँते, चार अक्रोड आणि व्हँ झोन, याच्यापुढे मला काही नको असतं.

तिसरं मों दोर, ऐन थंडीतलं, स्प्रूसच्या लाकडी डबीतलं मऊ चीज. डबीसकट ओव्हनमधे ठेवायचं, मधे खड्डा करून लसूण आणि पांढरी वाईन घालायची, उकडलेल्या बटाट्यावर ओतून खायचं. मोर्तोचं धुरावलेलं सॉसेज त्याच्या शेजारी. आणि मक्याच्या भाजलेल्या पिठाची लापशी असते, गोद म्हणतात, ती पूर्वी गरिबाघरचं रोजचं खाणं होती.

खडकवासला_लोकल

ताई, ऑफिसात वाचतोय, समोर कॅन्टीनची उसळ आहे. थोडी दया.

निव्वळ_शाकाहारी

काका-काकू शाकाहारी आहेत म्हणून लिहितो. काँतेमधे दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तिथल्या नियमातच तसं आहे. मोर्बिए या तिथल्या दुसऱ्या चीजमधेही प्राणिजन्य रेनेटच. बरेच शाकाहारी लोक हे माहीत नसल्याने खातात. आधी सांगा, मग ज्याचं त्याने ठरवावं. मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं एखादं मुरलेलं चीज शेजारी ठेवा. वाईन स्वच्छ करायलासुद्धा काही ठिकाणी अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचं जिलेटिनसारखं द्रव्य वापरतात. वायनरी छोटी आहे तर सरळ विचारता येईल.

रानजाई

निव्वळ_शाकाहारी, मनापासून आभार. वायनरीत फोन केला, ते काहीच वापरत नाहीत, वाईन आपोआप निवळू देतात. चीजचं नणंदेकरवी काकांना कळवलं, ते म्हणाले दुसरं ठेव.

वाट_चुकलेला_ट्रेकर

पाश्चर आर्ब्वाचेच ना?

बुरशीप्रेमी

जन्म दोलचा, १८२२. वाढले आर्ब्वात आणि दर उन्हाळ्यात तिथे परत येत राहिले. फ्रेंच वाईन वाटेत का बिघडते याचा तपास तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यावर सोपवला, आणि आर्ब्वात तात्पुरती प्रयोगशाळा थाटून त्यांनी दाखवलं की बिघडवणारे सूक्ष्मजीव असतात आणि वाईन ५०-६० अंशांवर थोडा वेळ तापवली की टिकते. त्यावरचं पुस्तक १८६६ चं. दुधाला लावतो ते पाश्चरायझेशन मुळात वाईनसाठी.

त्यांनी १८७४ मधे आर्ब्वाजवळ रोझिएरला द्राक्षबाग घेतली. १८७८ मधे तिथे वेलींवर काचघरं बसवली, काही घड द्राक्षं पिकायच्या आधीच कापसात गुंडाळले. त्या द्राक्षांचा रस आंबलाच नाही. म्हणजे यीस्ट द्राक्षाच्या आतून येत नाही, बाहेरून सालीवर येऊन बसतं. वेलीवर केलेला इतका स्वच्छ प्रयोग क्वचित बघायला मिळतो, मी शिकवताना दर वर्षी सांगतो.

सह्यकडा

हे मस्त. आणि २०१८ मधे १७७४ सालच्या व्हँ झोनची एक बाटली लों-ल-सोनिएला लिलावात एक लाख युरोच्या वर गेली होती. टिकते ती वाईन, शेरीप्रेमी असून सांगतो.

दिंडोरीकर

१७७४?? म्हणजे इकडं सवाई माधवरावांचा जन्म झाला ते साल.

तिखटजाळ

सगळं ठीक आहे पण मूळ प्रश्नावर या. माझं स्पष्ट मत, मराठी जेवणाबरोबर वाईन जमत नाही. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला, ठेचा, वरून चिंच-गूळ. तिखटावर अल्कोहोल घेतलं की जाळ आणखी वाढतो. गोड पदार्थाबरोबर कोरडी वाईन कडू लागते. ताक द्या, उगीच महागाच्या बाटल्या वाया घालवू नका.

लिओंची_चूल

तिखटजाळ, जाळ वाढतो हे शंभर टक्के खरं. पण सगळं मराठी जेवण तिखट कुठे असतं? कोकणातलं, देशावरचं ब्राह्मणी, गोव्याकडचं सारस्वत, यात किती पदार्थ सौम्य आहेत. साधं वरण-भात-तूप, आमटी, अळूवडी, सुरळीच्या वड्या, डाळिंब्यांची उसळ, मेथीची पीठ पेरून भाजी. वाईन बघून पदार्थ निवडायचा. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर व्हँ झोन मी पण देणार नाही.

रानजाई, मी असं करेन. सुरुवातीला पुल्सार, तासभर फ्रिजमधे ठेवून थंडसर, कोथिंबीर वडी आणि मिश्र भज्यांबरोबर. तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा, फार कमी म्हणून तळलेल्याला चांगली, नणंदेसाठी सुरमई तळलीस तर त्यालाही चालेल, टॅनिनवाली लाल माशाबरोबर लोखंडासारखी लागते तसं हिचं होत नाही. ज्युरात लाल आधी आणि पांढरी नंतर हीच रीत आहे, लाल हलकी असते ना.

मग ताजी साव्हान्यँ अळूवडीबरोबर, चिंचेच्या आंबटपणाला तिचा आंबटपणा पुरून उरतो, फक्त गूळ बेताचा टाक.

मेथकूट_भात

आणि व्हँ झोनला मेतकूट-भात! गरम मऊ भात, मेतकूट, मीठ, भरपूर साजूक तूप. मेथी, हळद, हिंग, भाजलेल्या डाळी, सगळं त्यात आहे. बुरशीप्रेमींनी मेथीचं सांगितल्यापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. तिखट शून्य.

बुरशीप्रेमी

हे मला अजिबात सुचलं नव्हतं आणि हे बरोबर आहे. तूप पण हवंच, आंबटपणाला स्निग्ध काहीतरी लागतं, तिकडे क्रीम आणि काँते तेच काम करतात.

तिखटजाळ

मेतकूट-भाताबरोबर ४० युरोची वाईन :D पण बघा करून, कळवा. फक्त पुरणपोळी नको.

लिओंची_चूल

पुरणपोळी नकोच, व्हँ झोन पूर्ण कोरडी असते. शेवटी खरबूज काप आणि थंडगार माकव्हँचा छोटा पेला, तिकडे खरबूजाबरोबरच देतात. आंबवायच्या आधीच्या द्राक्षरसात तिथलीच मार ब्रँडी मिसळून बनते ती, त्यामुळे गोड पण आहे आणि कडकही, बेताने द्या. गोडाचीच हौस असेल तर व्हँ द पाय शोधा, द्राक्षं किमान सहा आठवडे पेंढ्यावर किंवा टांगून सुकवतात आणि मग पिळतात, रस अगदी थोडा निघतो. डिंकाच्या लाडवाबरोबर बघायला आवडेल मला.

आणि व्हँ झोन फ्रिजमधून काढून लगेच देऊ नकोस. १४-१५ अंश, आणि निदान चार-पाच तास आधी उघडून ठेव.

पुणे_परत

काकांना दोन बाटल्या परत जाताना देता येतील का? भारतात माणशी २ लिटर ड्युटी फ्री ना?

खडकवासला_लोकल

६२ च्या तीन बसतात, १.८६ लिटर. हिशोब करून ठेवलाय मी.

रानजाई

मंडळी, शनिवार झाला, वृत्तांत देते.

कोथिंबीर वडी आणि पुल्सार, सगळ्यांना आवडलं, बाटली पहिल्या अर्ध्या तासात संपली. नवऱ्याने हट्टाने भरली वांगी केली होती, काळ्या मसाल्याची, त्याच्याबरोबर कुठलीच वाईन जमली नाही, तिखटजाळ तिथे तुमचं खरं ठरलं. अळूवडी आणि ताजी साव्हान्यँ ठीक, फार काही घडलं नाही.

पण मेतकूट-भात आणि व्हँ झोन! काकांनी आधी नुसती वाईन चाखली तेव्हा भुवया वर गेल्या, काही बोलले नाहीत. मग एक घास भात आणि एक घोट, आणि म्हणाले परत वाढ. वाईनचा तो तीक्ष्णपणा तुपाने खाली बसतो आणि मागून अक्रोड आणि मेथी एकत्र येतात, तोंडात कितीतरी वेळ राहतात. दुसरी वाटी मशरूमची होती, गुच्छी थोडी आणि साधे मशरूम जास्त, लोणी, क्रीम, मिरपूड, तिच्यावर नणंद तुटून पडली. काकूंनी वाईन घेतली नाही पण पेल्याचा वास घेऊन त्या लगेच म्हणाल्या, मेथी भाजलीय का कुणी? त्यांना यातलं काहीही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मेथकूट_भात

काकूंना साष्टांग नमस्कार!

बुरशीप्रेमी

काकूंचं नाक आमच्या प्रयोगशाळेत हवं.

सह्यकडा

हे मी शेरीबरोबर करून बघणार आणि इथे लिहिणार.

दिंडोरीकर

ताई, पुढच्या वेळी त्या वायनरीत गेलात की ओळीतलं अंतर आणि वेलीची वळण पद्धत विचारून या. आणि सांगा त्यांना, नाशिककडं आले तर घर आहे.

रानजाई

नक्की विचारते, फोटो पण काढून आणते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे नव्या व्हँ झोनचं पहिलं पिंप फोडायचा उत्सव असतो, १९९७ पासून करतात, गर्दी प्रचंड असते पण तेव्हाच जायचा विचार आहे. कुणी जिनिव्हा-लिओंकडचे येणार असाल तर कळवा. आर्ब्वाला रेल्वे स्टेशन आहे, ट्रेननेच जाऊ म्हणजे गाडी चालवायचा प्रश्न नाही.

एक शंका राहिली, व्हँ झोन पाव बाटली उरलीय. ती किती दिवस टिकेल?

लिओंची_चूल

बूच लावून उभी ठेव, काही आठवडे आरामात. तिने सहा वर्षं हवा खाल्लीय, तिला काही होत नाही. आणि फेब्रुवारीत मी येतेय, मेतकूट माझ्याकडून.